शेखाडीच्या रस्त्यावरची बिनपाटीची खानावळ

दिवेआगरहून श्रीवर्धनला समुद्राकाठच्या रस्त्याने निघालात की भरडखोल मागे पडतं आणि शेखाडी यायच्या आधी डाव्या हाताला सुपारीच्या वाडीत एक कौलारू घर लागतं. पाटी नाही. पडवीत चार टेबलं, निळ्या खुर्च्या आणि दारातच हात धुवायचं बेसिन दिसलं की तीच खानावळ. गाडी रस्त्याच्या कडेला लावावी लागते आणि तिथे वळण आहे, तेव्हा जपून. आम्ही महाडकडचे. लेक श्रीवर्धनला दिली आहे, त्यामुळे या रस्त्याने येणं-जाणं असतं. आता जेवायला मी दुसरीकडे थांबत नाही.

आधी जेवणाचं सांगतो. बांगडा थाळी २२० रुपये, कोळंबी २८०, सुरमईचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर. तांदळाची भाकरी मालकीणबाई, म्हणजे भाभी, स्वतः थापतात आणि तव्यावरून थेट ताटात येते, पापुद्रा सुटलेली. कालवणात ओलं खोबरं आणि कोकम, तेल बेताचं. मासळी भरडखोलच्या होड्यांवरून सकाळी येते, जे आलं नाही ते नाही म्हणून सांगतात. एकदा पापलेट मागितलं तर मालक, म्हणजे भाई, म्हणाले, "बर्फातलं आहे, तुम्हाला नाही देणार, बोंबील खा." बोंबील रव्यात घोळवून तळलेला, वरून कुरकुरीत, आत मऊ, तेल अजिबात न प्यालेला. सोलकढीत लसूण माझ्या चवीला थोडा जास्त. सुका जवळा खारट असतो, तो सोडून द्या. शाकाहारी माणसाला डाळ, भात आणि बटाट्याची भाजी यापलीकडे फार काही मिळणार नाही. शनिवार-रविवारी पाऊण तास थांबायची तयारी ठेवा. घरातली तीनच माणसं सगळं करतात.

आता स्वयंपाकघराचं. फौजेच्या लंगरात आयुष्य काढलेला माणूस आहे मी, स्वयंपाकघर बघितल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. इथे बघू देतात. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी, पट्टीवर तारीख आणि वेळ. कच्च्या मासळीची फळी निळी, भाजीची हिरवी, दोन्हींच्या सुऱ्या वेगळ्या. फ्रीजशेजारी दोरीने बांधलेली वही, तिच्यात सकाळ-संध्याकाळचं तापमान लिहिलेलं. आणि सळईसारखा एक थर्मामीटर. सुरमईचा जाड तुकडा तव्यावर असताना भाई तो तुकड्यात खुपसतात, आकडा बघतात, मगच उतरवतात. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत असेल हे सगळं, शेखाडीच्या रस्त्यावर मी पहिल्यांदा बघितलं.

ही शिस्त आली अफगाणिस्तानातल्या कंदाहारहून. भाई आधी दुबईत आचारी होते. तिथल्या कंत्राटदार कंपनीने त्यांना कंदाहारच्या विमानतळावर, नाटोच्या तळावर नेलं, पुढे बगरामला. तिथल्या भोजनगृहाला सगळे डीफॅक म्हणत. हात धुतल्याशिवाय कर्नललाही आत सोडत नसत. शुक्रवारी रात्री स्टेक आणि खेकड्याच्या तंगड्या. ज्या देशाला समुद्र नाही तिथे आमच्या कोकणातला माणूस गोऱ्या सोल्जरांना खेकडे वाढत होता. तळाच्या एका बाजूला सांडपाण्याचं मोठं तळं होतं, वारा फिरला की त्याचा वास जेवणाच्या रांगेपर्यंत यायचा. भोंगा वाजला की हातातलं पातेलं सोडून पोटावर आडवं व्हायचं, मग धावत काँक्रीटच्या बंकरमध्ये. रॉकेट पडायचं कुठेतरी लांब, बहुतेक वेळा. भाई हे सगळं अगदी साध्या आवाजात सांगतात, भाकरी वाढता वाढता.

मीही परक्या मुलखात लढाईला गेलेला आहे. १९८७ ला श्रीलंकेत जाफनाला होतो, शांतिसेनेत. त्यामुळे आमचं दोघांचं जमलं, आणि जेवण झाल्यावर सुपारी कातरत ज्या विषयावर आम्ही दर वेळी बसतो तो हाच: अमेरिकेने अफगाणिस्तानातली लढाई चालू ठेवायला हवी होती की सोडली ते बरं केलं? मी या खानावळीबद्दल लिहितो आहे आणि ही चर्चा त्यातून वगळली तर अर्धीच खानावळ सांगितल्यासारखं होईल. तिथे जाणारा प्रत्येक जण कधी ना कधी भाईंना हा प्रश्न विचारतोच.

भाईंचं मत स्पष्ट आहे. राहायला हवं होतं. त्यांचा मुद्दा मी ऐकला तसा मांडतो. २०११ च्या सुमारास तिथे अमेरिकेचे एक लाख सैनिक होते. २०२१ च्या जानेवारीत उरले होते फक्त २,५००. फेब्रुवारी २०२० पासून पुढे दीड वर्ष एकही अमेरिकन सैनिक लढाईत मेला नव्हता. "हवालदारसाहेब, अडीच हजार माणसांत काबूल उभं राहत होतं. शाळा चालू होत्या, मुली कॉलेजात जात होत्या. एवढ्यासाठी अडीच हजार माणसं जड झाली?" हे बोलताना त्यांची बारावीतली मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत असते. अफगाणिस्तानात सहावीच्या पुढे मुलींची शाळा बंद आहे, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही बंद. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि असल्याचा आव मी आणत नाही. सोडून येण्याची ही किंमत आहे, आणि ती आपण नाही, त्या मुली मोजताहेत.

पण अडीच हजारांचा हिशेब मला पटत नाही. त्या दीड वर्षात अमेरिकन माणूस मेला नाही याचं कारण अमेरिका आणि तालिबान यांच्यातला २९ फेब्रुवारी २०२० चा दोहाचा करार. आम्ही चौदा महिन्यांत जातो, तोवर तुम्ही आम्हाला मारू नका, असा तो सौदा. शांतता होती ती जाण्याच्या शब्दावर. शब्द मोडून राहिले असते तर दुसऱ्या दिवसापासून रॉकेटं सुरू झाली असती आणि अडीच हजारांचे परत पंचवीस हजार करावे लागले असते. शिवाय त्याच काळात अफगाण सैनिक आणि पोलीस रोज मरत होतेच. पूर्ण लढाईत त्यांचे साठ हजारांच्या वर गेले असा अंदाज आहे, अमेरिकेचे सुमारे २,४००. मरणारा बदलला म्हणून लढाई स्वस्त झाली असं मी म्हणणार नाही.

माझं मत बनलं ते मात्र भाईंच्याच तोंडून ऐकलेल्या एका गोष्टीवरून. तळावरचं सामान, डिझेल, डबाबंद माल, मोठा भाग कराची बंदरात उतरायचा आणि ट्रकने सीमेवरच्या चमनमार्गे कंदाहारला यायचा. ट्रक चार-चार दिवस उशिरा यायचे. भंडारात माल उतरवताना पठाण ड्रायव्हर सरळ सांगायचे, वाटेत पैसे दिले तेव्हा सोडलं. कोणाला दिले? ज्याचा रस्ता त्याला. कधी पोलिसाला, कधी तिथल्या सरदाराला, कधी तालिबानला. मला वाटलं ड्रायव्हर लोकांची बोलण्याची रीत असेल. नंतर वाचनात आलं की जून २०१० मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या एका उपसमितीने याच ट्रकांवर अहवाल काढला होता. सुमारे २१६ कोटी डॉलरचं वाहतुकीचं कंत्राट, आणि त्यातले पैसे संरक्षणाच्या नावाखाली सरदारांना आणि बहुधा तालिबानलाही जात असल्याचं त्यात म्हटलं होतं. डिसेंबर २००९ मध्ये त्यांच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनीही संसदेसमोर हे मान्य केलं होतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तरी पुढे अकरा वर्षं ट्रक चालूच राहिले, कारण मध्य आशियातून येणारा दुसरा रस्ता लांबचा आणि महागडा होता. नोव्हेंबर २०११ मध्ये सीमेजवळ सलाला इथे नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेले तेव्हा पाकिस्तानने सात महिने रस्ता बंद ठेवला, तो मोठा खंड.

सैनिक म्हणून मला हे असह्य होतं. समोरून गोळी येते, ती ज्याने विकत घेतली त्याचा पैसा तुमच्याच लंगराच्या मालातून गेलेला. अशी लढाई कितीही वर्षं चालवा, ती जिंकायची कशी? ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी ती बंद करण्याच्या मार्गाला लागायला हवं होतं. लादेन २ मे २०११ ला मारला गेला, तोही अफगाणिस्तानात नाही, पाकिस्तानात अबोटाबादला. तेव्हा अमेरिकेजवळ बळ होतं, तालिबानशी बोलताना काबूलच्या सरकारला शेजारी बसवता आलं असतं. ते केलं नाही. दोहात बसले तेव्हा काबूलचं सरकार खोलीबाहेर होतं.

यावर भाईंनी मला नेमकं पकडलं. "तुम्ही श्रीलंकेतून निघून आलात. मग काय झालं? राजीव गांधींना मारलं ना?"

खरं आहे. आमची तुकडी तिथे गेली ती २९ जुलै १९८७ च्या करारानंतर, तमिळ वाघांची, म्हणजे एलटीटीईची, शस्त्रं खाली ठेवून घ्यायला. ऑक्टोबरात त्यांच्याशीच लढाई जुंपली. धड नकाशे नव्हते. रस्त्यात सुरुंग पेरलेले. ताडाच्या बनातून गोळी यायची आणि माणूस दिसायचा नाही. माझ्या शेजारच्या गावचा पोरगा माझ्यापासून वीस पावलांवर गेला. १९८९ च्या जानेवारीत तिथे प्रेमदासांचं सरकार आलं, त्यांनी आम्हाला निघा म्हणून सांगितलं आणि ज्यांच्याशी आम्ही लढत होतो त्यांनाच हत्यारं दिली. २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. तोवर आमचे सुमारे १,२०० जवान मारले गेले होते. मद्रासला जहाज लागलं तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. आम्ही जिंकलो की हरलो हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. पण एक नक्की. ज्या देशाचं सरकारच आपल्या शत्रूला बंदुका देतं, तिथे आणखी दहा वर्षं राहिलो असतो तर आणखी पोरं गेली असती, एवढंच झालं असतं. तिथली लढाई शेवटी २००९ च्या मे महिन्यात त्यांच्याच फौजेने संपवली.

आणि राजीव गांधी. त्यांचे मारेकरी १९९१ च्या मे महिन्यात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर होडीतून उतरले. हे मी भाईंना सांगितलं आणि आम्ही दोघंही रस्त्यापलीकडच्या समुद्राकडे बघत बसलो, कारण पुढचं कोणी बोलायची गरज नव्हती. फेब्रुवारी १९९३ मध्ये इथेच, शेखाडीला, आरडीएक्स उतरलं. त्यातूनच १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. तो माल रात्री गुपचूप आला असं नाही. वाट मोकळी करून देणारे कस्टमचे आणि पोलिसांतले लोक होते, त्यांना नंतर न्यायालयात शिक्षा झाल्या. कंदाहारच्या रस्त्यावर ट्रक जसा सुटायचा तसाच इथला ट्रक सुटला. आणि नोव्हेंबर २००८ मध्ये दहा जण निघाले तेही कराचीहून, ज्या शहराच्या बंदरात नाटोचा माल उतरत होता तिथूनच. शेजारच्या अफगाणिस्तानात तेव्हा हजारो सैनिकांची फौज बसलेली होती. तिचा मुंबईला काही उपयोग झाला नाही. त्या दहा जणांना कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरताना बघितलं ते तिथल्या कोळ्यांनी.

म्हणून माझं म्हणणं असं. अतिरेक्यांशी लढाई थांबवायची नाही, ती थांबणारी नाहीच. पण परक्याच्या मुलखात वर्षानुवर्षं फौज ठेवून ती लढता येत नाही. अल-कायदाचा म्होरक्या जवाहिरी याला ३१ जुलै २०२२ ला काबूलमध्येच मारलं, तेव्हा अमेरिकेचा एकही तळ तिथे उरला नव्हता. आपली लढाई उतरण्याच्या जागांवर आहे, म्हणजे या खाडीत, त्या पुळणीवर, जिथे कोणती होडी कोणाची हे भरडखोलचा पोरगा लांबून ओळखतो. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७. चौकशीत ती ओमानकडून वाहत आलेली निघाली, घातपाताचं काही नव्हतं. पण त्या दिवशी इथल्या लोकांनी कळवलं आणि रस्त्यावर नाकाबंदी लागली. १९९३ ला हे झालं नव्हतं. भाईंचा मेहुणा मासेमारी करतो, खोल समुद्रात जाताना ओळखपत्र खिशात असतंच. त्याला कटकट वाटते. मी त्याला म्हटलं, बाबा, ही कटकट कर. या कामाला मागे घ्यायची तारीख नसते आणि नसावी.

भाई मान्य करतात, पण अर्धंच. त्यांची एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. बगरामला त्यांच्या भोजनगृहात साफसफाईला एक अफगाण पोरगा होता, हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचा भाईंना मेसेज आला. अमेरिकेच्या व्हिसासाठी त्याला कंपनीचं पत्र हवं होतं, की हा आमच्याकडे कामाला होता. भाई तेव्हा इथे, याच घरात. निसर्ग वादळाने मोडलेली सुपारीची वाडी नव्याने लावत होते. त्यांनी दुबईच्या ऑफिसला फोन लावले. नंबर बंद. ईमेल परत आला. शेवटी स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून, फोटो काढून पाठवलं, मी अमुक, मी याच्याबरोबर काम केलं आहे. अशा पत्राला तिथे काय किंमत असणार? १५ ऑगस्टला काबूल पडलं, २६ ला विमानतळाच्या दारावर बॉम्ब फुटला, १३ अमेरिकन सैनिक आणि सुमारे १७० अफगाण माणसं गेली. पोराचा फोन नंतर लागला नाही.

निघून जाणं बरोबर होतं असं मी म्हणतो ते या पोराला धरून म्हणतो, त्याला विसरून नाही. जुलैमध्ये बगराम सोडलं तेव्हा रात्री वीज बंद करून निघाले, नव्या अफगाण कमांडरला सकाळी कळलं. निघताना ज्याने तुमची भांडी घासली त्याच्या हातात एक कागद देता येत नाही? श्रीलंकेतून आम्ही निघालो तेव्हा आमच्या बाजूने उभे राहिलेले तमिळ लोक मागे राहिले होते, त्यातल्या किती जणांना वाघांनी जिवंत सोडलं? ज्या सरकारला फौज बाहेर पाठवायची असेल त्याने आधी परत यायचा कागद तयार करावा, त्यात पहिली नावं या लोकांची असावीत. भाईंचं आणि माझं एवढ्या एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: सकाळी दहाच्या आत फोन करून सांगितलं तर हवी ती मासळी ठेवतात. दुपारी बारा ते तीन, रात्रीचं जेवण फक्त आधी सांगितलं तर. शुक्रवारी दुपारी दीडनंतर या. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा खानावळही बंद. पैसे रोख किंवा मोबाईलवर, कसेही चालतात. कॉलेजात जाणारी मुलं बरोबर असतील तर त्यांना जरूर न्या आणि भाईंना काय विचारायचं ते विचारू द्या, ते कंटाळत नाहीत. नंबर मी इथे देत नाही, त्यांना आवडणार नाही. भरडखोलच्या जेटीवर कोणालाही अफगाणिस्तानवाल्यांचं घर विचारा, पोहोचवून देतील.